रक्तदाब पडतो तेव्हा घड्याळाकडे बघा

डायलिसिसच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, "पाणी जास्त प्यालात ना?" यंत्राला जोडलेल्या बाईचा रक्तदाब एकाएकी उतरतो. तिला जांभया येतात, दरदरून घाम फुटतो, मळमळतं, पोटरीत गोळा येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सिस्टर धावत येतात, खाटेची डोक्याकडची बाजू खाली करतात, पाणी ओढणं थांबवतात, सलाईन सोडतात. हे सगळं बरोबर आणि तातडीनं होतं. पण बाई जरा भानावर आली की पहिला प्रश्न येतो तो हाच. प्रश्नातच उत्तर असतं : चूक तिची, तिचा जिभेवर ताबा नाही. मूल झालं नाही तरी बाईचं चुकलं, नवऱ्यानं मारलं तरी बाईचं चुकलं, हे ऐकत आलेल्या आपल्याला हा सूर ओळखीचा वाटायला हवा.

मी गेली पाच वर्षं आठवड्यातून दोन दिवस डायलिसिस घेते आहे. त्याआधीपासून स्त्रियांच्या गटांत काम करते आहे. या दोन्ही नात्यांनी मला जे म्हणायचं आहे ते थोडक्यात असं : डायलिसिस चालू असताना रक्तदाब पडणं हा जिभेच्या ताब्यापेक्षा वेळेचा प्रश्न जास्त असतो. आणि बाईच्या वेळेवर हक्क कुणाचा, हा तर आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

यंत्र नेमकं काय करतं?

मूत्रपिंडं निकामी झाली की लघवी कमी होत जाते, पुढे बहुधा थांबतेच. मग खाल्ल्याप्यायलेलं पाणी अंगात साठत राहतं. डायलिसिसचं यंत्र रक्तातली घाण काढतं, तसं हे साठलेलं पाणीही काढतं. पण ते पाणी त्याला फक्त रक्तातूनच ओढता येतं. आणि अंगात साठलेलं बरंचसं पाणी रक्तात नसतं. ते पायांच्या सुजेत, पोटात, मांसात मुरलेलं असतं. रक्तातलं पाणी कमी झालं की मुरलेलं पाणी हळूहळू रक्तात उतरतं.

आपल्यापैकी ज्यांनी विहिरीवर काम केलं आहे त्यांना हे समजायला डॉक्टर लागणार नाही. उपसा झऱ्यांच्या बेताने केला तर विहीर दिवसभर पाणी देते. पंप झऱ्यांपेक्षा जोरात चालवला तर तासाभरात तळ दिसतो. तळ दिसला म्हणून विहिरीला कुणी बोल लावत नाही. डायलिसिसमध्ये तळ दिसणं म्हणजे रक्तदाब पडणं.

आता थोडं गणित करू. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. चाळीस किलोच्या बाईच्या अंगात ते पावणेतीन लिटरच्या आसपास असतं. समजा दोघांच्याही अंगात तीन लिटर पाणी साठलं आहे आणि दोघांनाही चार तास यंत्रावर ठेवलं. दोघांच्या अंगातून तासाला ७५० मिलिलिटर पाणी निघेल. पंच्याहत्तर किलोच्या पुरुषाला हा वेग दर किलो वजनामागे तासाला १० मिलिलिटर पडतो. चाळीस किलोच्या बाईला तोच वेग पावणेएकोणीस मिलिलिटर पडतो. तिच्या अंगात एका वेळी जेवढं रक्त आहे त्याहून जास्त पाणी चार तासांत तिच्या रक्तातून ओढलं जातं. यंत्रावरचा आकडा दोघांचा सारखाच दिसतो, पण शरीरं सारखी नसतात.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की दर किलोमागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगानं ज्यांचं पाणी काढलं जात होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १० किंवा त्याहून कमी वेग असणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. अशा अभ्यासातून कारण पुरतं सिद्ध होत नाही, आणि १३ हा काही लक्ष्मणरेषेसारखा आकडा नाही. हृदय अशक्त असेल, मधुमेह असेल, अंगात रक्त किंवा प्रथिनं कमी असतील तर त्याहून कमी वेगालाही रक्तदाब पडतो. पण हिशेबाला तो आकडा धरला, तर चाळीस किलोच्या बाईचं चार तासांत दोन लिटरच्या आसपासच पाणी काढता येतं. तीन लिटर काढायचं तर सहा तासांच्या जवळ जावं लागतं, नाहीतर आठवड्यात आणखी एक फेरी लागते. म्हणून म्हणते, घड्याळाकडे बघा.

रक्तदाब पडला, सलाईन दिलं, बरं वाटलं, संपलं, असंही नसतं. दर वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि पुन्हा पुन्हा तसं झालं की हृदय दुबळं होतं. मेंदूलाही झळ बसते. थोडीफार लघवी होत असेल तर तीही लवकर बंद होते. हातात शस्त्रक्रियेनं केलेली फिस्टुला, जिच्यातून रक्त यंत्रात जातं, ती रक्तदाब उतरल्यावर गोठून बंद पडू शकते. ती गेली की पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च. शिवाय फेरी अर्धवट सोडावी लागली तर पाणी अंगातच राहतं, पुढच्या वेळी आणखी जास्त ओढावं लागतं आणि रक्तदाब पुन्हा पडतो. हे चक्र तोडायचं तर वेळच द्यावा लागतो.

वेळ कोण देणार?

डायलिसिसचा इतिहास बघितला तर त्यात बाई सुरुवातीपासून आहे. डॉ. विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, पहिलं कामचलाऊ यंत्र बनवलं. त्या यंत्रानं वाचलेली पहिली पेशंट १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई होती. पुढे अमेरिकेत सिअॅटलला १९६० नंतर कायमच्या डायलिसिसची सोय झाली, पण यंत्रं थोडी आणि माणसं फार. म्हणून सात जणांची एक समिती नेमली गेली. कुणाला यंत्र द्यायचं हे ठरवताना ती वय, लग्न झालं आहे की नाही, मिळकत किती, शिक्षण काय, समाजाला उपयोग काय, हे सगळं पाही. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकात हे छापून आलं तेव्हा मोठी खळबळ उडाली. माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या मिळकतीवरून करायची का, असा प्रश्न विचारला गेला.

आज आपल्याकडे अशी समिती कुठे बसत नाही. पण घराघरांत ती बसते, आणि तिचा निकाल बहुधा ठरलेला असतो. मूत्रपिंडाचा दीर्घ आजार जगभरात बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कमी नाही, उलट थोडा जास्तच आढळतो. तरी डायलिसिसच्या खाटांवर पुरुष जास्त दिसतात. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. देणारी आई, बायको, बहीण. हे आपण जाणतोच.

जी बाई खाटेपर्यंत पोचते, तिचेही तास घरी कापले जातात. मी जिथे जाते तिथली रीत सांगते. पुरुष पेशंटबरोबर बहुधा बायको असते. ती डबा आणते, पाय चेपते, वजन लिहून घेते, सिस्टरशी बोलते. बाई पेशंटबरोबर कधी मुलगी असते, कधी बहीण, कितीदा तरी कुणीच नसतं. फेरी संपल्यावर पुरुष घरी जाऊन झोपतो. बाईला संध्याकाळचा स्वयंपाक वाट बघत असतो. म्हणून साडेतीन तास झाले की ती म्हणते, "सिस्टर, आज लवकर सोडा. एस.टी. जाईल, पोरं शाळेतून आली असतील." यंत्रावर तिचा अर्धा तास कमी होतो, पाणी मात्र तेवढंच काढायचं असतं, म्हणून वेग वाढतो. शेजारच्या खाटेवर येणारी एक शेतमजूर बाई मला म्हणाली, "चक्कर परवडली, पण घरी गेल्यावरची बोलणी नाही परवडत." ही बाई 'सहकार्य न करणारी पेशंट' म्हणून ओळखली जाते. तिच्या घराला कुणी 'सहकार्य न करणारं घर' म्हणत नाही.

वेळ कापण्यात दवाखान्याचाही हात असतो. एका यंत्रावर दिवसात तीन-तीन पाळ्या बसवलेल्या असतात. कुणाची बस उशिरा आली तर तिचाच वेळ कमी होतो, कारण पुढचा पेशंट दारात उभा असतो. आणि सरकारी योजनेत केंद्राला पैसे मिळतात ते दर फेरीमागे, दर तासामागे नाहीत. चारऐवजी पाच तास दिले तर केंद्राचा खर्च वाढतो, मिळकत तेवढीच राहते. मग जास्त वेळ देण्याचा आग्रह कोण धरणार? आपल्याकडे पुष्कळ पेशंट आठवड्यातून तीनऐवजी दोनच फेऱ्या घेतात. पैसे, अंतर, बुडणारा रोज ही त्याची कारणं. दोन फेऱ्यांत तीन-चार दिवसांची फट पडते आणि तेवढ्या दिवसांचं पाणी एका बैठकीत ओढलं जातं.

मीठ, शाल, बांगड्या

तहानेला सगळा दोष देऊ नये, तसं तिला सोडूनही देऊ नये. पण तहान लागते ती बहुतेक मिठामुळे. मीठ कमी न करता 'पाणी पिऊ नका' म्हणणं हा निव्वळ छळ आहे. आता मीठ कुणाच्या ताटात जास्त? जिच्या वाट्याला भाजी उरत नाही, ती भाकरी चटणीशी, ठेच्याशी, लोणच्याशी खाते. नवरा पेशंट असला तर त्याच्यासाठी अळणी भाजी वेगळी शिजते आणि ती शिजवणारी कोण हे सांगायला नको. बाई पेशंट असली तर ती सगळ्यांसाठी रांधते आणि त्यातलंच उरलेलं खाते. तिच्यासाठी वेगळं पातेलं चढत नाही. स्वतःसाठी वेगळं शिजवून घ्यायची तिला लाज वाटते. पथ्याचा कागद देताना आहारतज्ज्ञ हे विचारत नाहीत, आपण विचारायला हवं.

दुसरी गोष्ट वजनाची. किती पाणी काढायचं हे फेरीआधीच्या वजनावरून ठरतं. अंगातलं जादा पाणी गेल्यावर जे वजन राहायला हवं त्याला 'ड्राय वेट' म्हणतात. एक किलो म्हणजे एक लिटर पाणी, असा साधा हिशेब. थंडीत शाल पांघरून, स्वेटर घालून, चपला न काढता काट्यावर उभं राहिलं तर तो अर्धा-पाऊण किलोही पाणी म्हणूनच धरला जातो आणि अंगातून ओढला जातो. म्हणून दर वेळी तशाच कपड्यांत, चपला काढून वजन करावं. आणि ड्राय वेट ही दगडावरची रेघ नव्हे. जेवण सुधारून अंगावर मांस चढलं की ते वाढवावं लागतं. जुन्या आकड्यावर आणायच्या नादात अंगाला लागणारंच पाणी काढलं जातं. उलट उपासमारीनं मांस झडलं तर ड्राय वेट खाली आणावं लागतं, नाहीतर जादा पाणी आत लपून राहतं. हे डॉक्टरांनी वरचेवर तपासायला हवं. माझं ड्राय वेट दीड वर्ष कुणी तपासलं नव्हतं. मी लेखी विचारल्यावर तपासलं, ते बदललं, आणि पुढचे दोन महिने माझा रक्तदाब एकदाही पडला नाही.

तिसरी गोष्ट पाळीची. फेरी चालू असताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. त्यानं पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो. आधीच रक्त कमी, त्यात हा स्राव; आणि रक्त कमी असलं की रक्तदाब पडण्याचा धोका वाढतो. पाळी चालू आहे हे आधी सांगितलं तर हेपॅरिनचं प्रमाण कमी करता येतं. पण यंत्र लावणारा टेक्निशियन तरुण मुलगा, आजूबाजूला दहा माणसं, मध्ये पडदा नाही. अशा वेळी ती गप्प बसते. पडदा आणि एक बाई कर्मचारी एवढ्यानं हा प्रश्न सुटतो, आणि ही काही चैनीची मागणी नाही.

चौथी गोष्ट फिस्टुलेच्या हाताची. त्या हातात घट्ट बांगड्या घालायच्या नसतात, हंडा-कळशी उचलायची नसते, त्या हातावर झोपायचं नसतं. त्या हातानं रक्तदाबही मोजू द्यायचा नसतो. रिकामा हात बघून सासूनं टोमणे मारल्याचं मी दोघी-तिघींकडून ऐकलं आहे. रक्तदाब पडून गेल्यावर घरी त्या जागेवर बोटं ठेवून बघावं. आत रक्त वाहत असेल तर बोटांना सूक्ष्म थरथर लागते. ती लागली नाही तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. सौभाग्य म्हणायचंच असेल तर त्या थरथरीला म्हणावं.

आणि उपास. निर्जळी उपास करून यंत्रावर जाऊ नये, तसंच ज्यांचा रक्तदाब पडतो त्यांनी फेरी चालू असताना पोटभर जेवूही नये, कारण जेवल्यावर रक्त पोटाकडे धावतं. आधी थोडं खाऊन जावं. फेरी झाल्यावर खाटेच्या कडेला पाच मिनिटं बसून मगच उभं राहावं.

विचारायचे प्रश्न, करायच्या मागण्या

गर्भजल परीक्षेविरुद्ध १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला. त्याआधी आपल्यातल्या अनेकींनी ते तंत्र नीट समजून घेतलं होतं. 'हे डॉक्टरांचं काम आहे' असं म्हणून आपण तेव्हा बाहेर थांबलो नाही. डायलिसिसबद्दलही थांबू नये. प्रत्येक बाईनं, किंवा तिच्याबरोबर जाणाऱ्या कार्यकर्तीनं, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरं वहीत लिहावीत : आज किती पाणी काढणार? किती तासांत? माझ्या वजनाला तो वेग किती पडतो? माझं ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं? रक्तदाबाची गोळी आज फेरीआधी घेऊ की नंतर? ही गोळी मनानं बंद मात्र करू नये. वेळ डॉक्टरांनीच बदलून द्यायची असते.

यंत्रातल्या द्रावाचं तापमान अर्ध्या-एक अंशानं कमी केलं तर काहींचा रक्तदाब टिकतो, हेही विचारून बघता येतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ८४ केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. सरसकट सगळ्यांचं तापमान उतरवून हृदयविकार किंवा त्यामुळे होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि पेशंटना थंडी मात्र वाजली. म्हणजे हा सगळ्यांसाठी नियम नव्हे. जिला सोसेल, जिला उपयोग होईल, तिच्यासाठी तो एक उपाय आहे. ज्यांना यंत्राचा वेग सोसतच नाही त्यांच्यासाठी पोटातून होणारं, घरी करता येणारं डायलिसिसही असतं. त्यात पाणी दिवसभर हळूहळू निघतं. त्याला स्वच्छ जागा आणि रोजचा वेळ लागतो. पण निदान त्याची माहिती तरी प्रत्येकीला मिळायला हवी.

२०१६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिस सुरू झालं. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही ते मिळतं. हे मोठं काम आहे आणि त्यामुळे मी आणि माझ्यासारख्या हजारो जगल्या आहेत. पण मोफत फेरी आणि पुरी फेरी यांत फरक आहे. म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात : पैसे ठरवताना तासांचा हिशेब व्हावा. लहान चणीच्या पेशंटला लागेल तेवढा जास्त वेळ किंवा तिसरी फेरी मिळावी. प्रत्येक फेरीत पाणी काढण्याचा वेग दर किलोमागे लिहिला जावा आणि तो कागद पेशंटला मिळावा. रक्तदाब पडल्याची नोंद व्हावी आणि पुन्हा पुन्हा पडला तर डॉक्टरांनी तपासणं बंधनकारक असावं. जाण्या-येण्याचा खर्च आणि सोबतीच्या बाईचा बुडालेला रोज मिळावा.

"आधीच यंत्रं कमी, त्यात एकीला सहा तास दिले तर दुसरीला काय देणार?" असं डॉक्टर म्हणतील. प्रश्न खोटा नाही. पण अपुरी सोय वाटून घ्यायची तर ती उघडपणे, हिशेब मांडून वाटावी. जिचं वजन कमी, जिचा आवाज लहान, जिला घरी जायची घाई, तिच्याच तासांतून ती गुपचूप कापू नये.

सुरुवात छोटी करता येईल. प्रत्येक जिल्ह्यातल्या गटानं परवानगी घेऊन एक दिवस आपल्या गावच्या केंद्रावर बसावं. नाव लिहू नये. बाई की पुरुष, वजन किती, किती पाणी काढलं, यंत्रावर किती वाजता घेतलं आणि किती वाजता सोडलं, रक्तदाब पडला का, सोबत कोण होतं, एवढं विचारून लिहावं. पंचवीस-तीस फेऱ्यांचा असा तक्ता हातात असला की आरोग्य अधिकाऱ्यापुढे आपल्याला विनवणी करावी लागणार नाही. आकडे बोलतील, आणि बायका त्यांच्याशेजारी उभ्या राहून बोलतील.